गप्प करणाऱ्या मूर्तीशेजारची खुर्ची

आमच्या ह्यांना सगळे ‘रेडिओ’ म्हणतात. धंद्यानं हे चष्मेवाले. दुकान एवढंसं. आत एक आरसा, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि समोर उंच खुर्ची. गिऱ्हाइकाला त्या खुर्चीत बसवायचं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, एका डोळ्यावर काळी चकती घालायची आणि मग बोलायला सुरुवात करायची. एक डोळा झाकलेला माणूस पळून पळून जाणार कुठे? तरी लोक मधेच तोडायचेच. ‘ते असू द्या हो, चष्मा कधी मिळेल?’ हे वाक्य ह्यांनी जितक्यांदा ऐकलंय, तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. घरी मीही काही वेगळी नव्हते. ह्यांनी तोंड उघडलं की मला नेमकी वाळत घातलेल्या कपड्यांची आठवण व्हायची. खोटं कशाला सांगू, लग्नाच्या पहिल्या महिन्यातच माझे कान किटले होते.

माझ्या नणंदेचे यजमान जुन्या देवळात गाईड आहेत. देऊळ खरोखर बघण्यासारखं. काळ्या दगडाचं, चुन्याचा थेंबही न वापरता दगडात दगड अडकवून बांधलेलं. खांबांवर टिचकी मारली की प्रत्येकाचा वेगळा आवाज येतो. अख्खं देऊळ एका रात्रीत उभं राहिलं, पण कोंबडा आरवला आणि एक खांब अर्धाच राहिला, अशी तिथली कथा. ही कथा जुनी. बाकीच्या बऱ्याचशा आमच्या भावोजींच्या. आता त्यालाही कारण आहे. गाभारा लहान. आधीचा घोळका बाहेर पडेपर्यंत आपला घोळका बाहेर थोपवून धरावा लागतो, नाहीतर दारात चेंगराचेंगरी. म्हणून गाईड लोकांच्या पोतडीत थांबवायच्या गोष्टी असतात. आत गर्दी असेल तर भिंतीवरचा हत्ती शापित राजकुमार होतो. आत मोकळं असेल तर तो नुसता हत्ती.

त्या दिवशी आम्ही देऊळ बघायला गेलो तर भावोजींनी आम्हाला त्यांच्या घोळक्यातच घेतलं. आत मरणाची गर्दी. भावोजींनी राजकुमाराला शाप दिला मात्र, आमचे हे सुरू.

“अहो, हा हत्ती तिरळा आहे. बुबुळं बघा त्याची. याला चष्मा लागणार.”

“शालकबुवा, जरा गोष्ट पुरी करू द्या,” भावोजी म्हणाले.

“करा की. पण जवळचा नंबर वेगळा असणार हं याचा.”

राजकुमार काही शापातून सुटेना. घोळका जांभया देऊ लागला. भावोजींचं टाळकं सरकलं. कोपऱ्यात, वर्षानुवर्षं कुणी न विचारलेली एक हातभर मूर्ती होती. तोंड उघडं, एक हात हवेत. तिच्याकडे बोट दाखवून भावोजी कडाडले, “आणि हा कोण माहितीये? हा मुख्य शिल्पकाराचा मेहुणा! दिवसभर इथं उभा राहून बडबडायचा. त्या बडबडीनं शिल्पकाराचा हात हलला आणि कळस वाकडा झाला. देव चिडला, त्यानं याचा बोलता बोलता दगड केला. आजही फार बोलणाऱ्याला याच्यासमोर उभं केलं की त्याची वाचा जाते!”

घोळका मूर्तीकडे बघू लागला, मग ह्यांच्याकडे. नाक अगदी तेच, ते मलाही नाकारता येणार नाही. हे उत्तर द्यायला सरसावले, तोंड उघडलं आणि तोंडात माशी गेली.

मी अगदी शेजारी होते, माशी या डोळ्यांनी पाहिली. पण मागच्यांना दिसलं ते एवढंच, की माणसानं तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. डोळ्यांतून पाणी, चेहरा लालबुंद. एका बाईनं तिथल्या तिथे हात जोडले.

“माशी आहे हो, माशी!” मी ओरडले.

“बाईंना धक्का बसलाय, बाजूला घ्या त्यांना,” असं म्हणून कुणीतरी मलाच मागे ओढलं.

ठसका थांबला. हे आता बोलणार होते. ह्यांच्या जबड्याची हालचाल मी चांगली ओळखते. पण बोलण्याआधी ह्यांनी समोर पाहिलं. सगळा घोळका ह्यांच्या तोंडाकडे डोळे लावून उभा होता. कुणी घड्याळ बघत नव्हतं, कुणी काढता पाय घेत नव्हतं. ह्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

घरी आल्यावर ह्यांनी दुकानातला जादा तक्ता स्वयंपाकघरात टांगला. ‘च’वर बोट, ‘ह’वर बोट, म्हणजे चहा. वरच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं की ओरडताहेत असं समजायचं, तळाच्या बारीक अक्षरांवर ठेवलं की लाडात आलेत. तळाची ओळ मला दिसत नाही, त्यामुळे लाड वाया जायचे. तरी पहिले काही दिवस मी सुखात होते, हेही कबूल करते.

इकडे गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. लोक आपापले मेहुणे घेऊन यायला लागले. मग सासरे आले, मग साहेब. एका मास्तरांना तर अख्ख्या वर्गानं मिळून आणलं. देवापेक्षा मूर्तीची रांग लांब झाली. भावोजींनी मूर्तीशेजारी एक खुर्ची टाकली आणि पुरावा म्हणून ह्यांना त्यावर बसवलं. दुपारी दुकान बंद करून हे तिथे जायचे आणि मूग गिळून बसायचे. लोक विचारायचे, “खरंच एका क्षणात गेली का हो वाचा?” हे मान डोलवायचे. लोक गहिवरायचे.

कळसाची आणखी वेगळीच तऱ्हा. परवापर्यंत सरळ असलेला कळस सगळ्यांना वाकडा दिसायला लागला. ज्यांना सरळच दिसायचा ते घाबरून आमच्या दुकानात डोळे तपासायला यायचे आणि हे त्यांना मुकाट्यानं नंबर काढून द्यायचे. पुजारीबुवा गाभाऱ्याच्या दारातून बिचारे ओरडायचे, “अहो, देव इकडे आहे!” तर लोकांनी त्यांनाही दंडाला धरून मूर्तीसमोर नेलं.

आणि मला घर खायला उठलं. नळ गळतो हे मला कधी माहीतच नव्हतं, ते कळलं. भांडण काढलं तर भांडायला समोर कुणी नाही. मी तोंडसुख घ्यायचे, हे एक बोट उचलून ‘ब’वर ठेवायचे आणि मग ‘र’वर. एकदा मी दुकानात जाऊन उंच खुर्चीत बसले आणि फ्रेम स्वतःच नाकावर चढवली. म्हटलं, आता तरी बोलतील. हे एकामागून एक भिंगं बदलत राहिले. मला रडू फुटलं. ह्यांना वाटलं नंबर चुकला, ह्यांनी आणखी एक भिंग घातलं. मला माझा नवरा परत पाहिजे होता, आवाजासकट. एवढंच पाहिजे होतं.

मी तडक वन्संकडे गेले. भावोजी जेवत होते.

“तुम्हीच गोष्ट रचलीत, तुम्हीच मोडा,” मी म्हटलं.

“वहिनी, कालच प्रयत्न केला. ही माझ्या मनची गोष्ट आहे, असं सगळ्यांसमोर सांगितलं. तर एक गृहस्थ अंगावर धावून आले. म्हणाले, इतकी जुनी कथा खोटी ठरवायची तुमची लायकी काय? पुन्हा असं बोललात तर गाईडकी बंद करू.” भावोजींनी कपाळाला हात लावला. “ती गोष्ट आता माझी राहिली नाही हो.”

दुसऱ्या दिवशी मी सरळ रांगेत जाऊन उभी राहिले. पुढच्या बाईनं विचारलं, “मेहुणा की नवरा?”

“नवरा.”

“फार बोलतात?”

“अजिबात नाही.”

“मग चुकीच्या रांगेत आलात तुम्ही.”

“असू दे. माणूस इथंच बसलाय माझा.”

बोलणाऱ्याचं नाव मूर्तीच्या कानात हळूच सांगायचं, असं एव्हाना ठरून गेलं होतं. माझी पाळी आली. हे हाताच्या अंतरावर खुर्चीत ताठ बसले होते, कुणीतरी घातलेला हार गळ्यात. मी दगडी कानाशी तोंड नेलं, पण माझा आवाज काही कानात सांगण्यातला नाही. मी बोलले आणि सभामंडपभर ऐकू गेलं.

“माझ्या नवऱ्याला बोलू दे रे बाबा. मला त्यांची बडबड पाहिजे. मी मधे नाही तोडणार.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. जबडा हलला.

“गॅस बंद करून आलीस का?” हे म्हणाले.

एकच गलका झाला. भावोजींचं डोकं अशा वेळी फार चालतं. “बघा! ज्यानं वाचा नेली, त्यानंच परत दिली!” ते ओरडले आणि बघता बघता दुसऱ्या बाजूनं अबोल माणसांची रांग लागली. एकजण आपल्या सुनेला आणायला घरी पळाला. ह्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि आम्ही निघालो. मागे वळून पाहिलं तर लोक खुर्चीच्या पाया पडत होते.

रस्त्यानं ह्यांचा नुसता पूर आला. कुठल्या साहेबाच्या तोंडाला कसला वास येतो, मास्तर मूर्तीला कसे गणित विचारत होते, सगळं झालं. मग हे म्हणाले, “तुला सांगतो, वडिलांनी मला पहिल्यांदा दुकानात एकट्याला बसवलं ना, त्या दिवशी एक म्हातारा आला. दोन्ही डोळ्यांनी आंधळा. म्हणाला, मला चष्मा पाहिजे. मी म्हटलं, आजोबा, तुम्हाला काय उपयोग? तर त्यानं माझा हात धरला...”

इथं हे थांबले आणि सवयीनं माझ्याकडे बघू लागले. मी मधे तोडलं नाही. चालत राहिले.

“मग?” मी विचारलं.

“मग काय?”

“मग तो काय म्हणाला?”

हे भर रस्त्यात उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ह्यांचा चेहरा इतका गोंधळलेला मी त्या माशीच्या वेळीही पाहिला नव्हता.

“थांब हं,” हे म्हणाले. “इथून पुढं मला कुणी कधी सांगूच दिलेलं नाही गं.”

मी हातातली पिशवी खाली ठेवली. म्हटलं, आठवा सावकाश.