हातावरचा क्लच

ह्यांच्या डाव्या पायातलं बळ गेलं ते धावत्या ट्राममधून उतरताना पडले त्या दिवशी. हाड सांधलं, जखम भरली, पण गुडघ्यामागची शीर कायमची दुखावली. पाय दिसायला धडधाकट, फक्त पाऊल उचललं जाईना आणि खाली दाबायला जोर लागेना. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन चालता येईल, एवढ्यावर समाधान माना.

हे केंद्र सरकारच्या नोकरीत होते, पुण्याहून बदली होऊन कलकत्त्याला आलेले. माझा मात्र जन्मच कलकत्त्याचा. माझे वडील इथल्या शाळेत शिकवायचे. त्यामुळे माझं मराठी ऐकून सासरची माणसं हसत आणि माझं बंगाली ऐकून बाजारातली माणसं मला आपल्यातलीच समजत. लग्नानंतर आम्ही बालीगंजला तळमजल्यावरचं बिऱ्हाड घेतलं. समोर थोडं अंगण होतं, आणि त्या अंगणात आमची गाडी. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून ह्यांनी ती अपघाताच्या आधी वर्षभर घेतली होती. काळी, छोटी, लढाईच्या आधीची. पेट्रोल रोज परवडत नसे म्हणून ती फक्त रविवारी बाहेर निघायची. अपघातानंतर रविवारीही निघेना, कारण क्लच दाबायला डावा पाय लागतो.

हे पुन्हा ऑफिसला जाऊ लागले ते बसने. कंडक्टर बखोटीला धरून वर चढवायचा, कुणीतरी उठून जागा द्यायचं. बाकीच्यांना त्यात काही वाटत नसे, पण हे घरी येत ते तोंड मिटून. बूट मी काढायची, मोजा मी ओढायची. एक दिवस म्हणाले, "सगळं शहर मला उचलून ठेवतंय."

कुणीतरी सांगितलं की क्लच हातावर घेता येतो. सीटच्या डाव्या बाजूला लोखंडी दांडा बसवायचा, तो खालून क्लचच्या पेडलला जोडायचा. दांडा मागे ओढला की पेडल दाबलं जातं. मग तो खिट्टीत अडकवून ठेवायचा, त्याच हाताने गिअर टाकायचा, आणि खिट्टी उचलून दांडा हळूहळू पुढे सोडायचा. शेजारच्या एकाला गाडी चालवायला घेऊन आम्ही दोघं रेल्वे फाटकाजवळच्या एका मिस्त्रीकडे गेलो. पन्नाशीचा माणूस, फाळणीनंतर पूर्वेकडून आलेला. सियालदहच्या फलाटावर बायकोमुलांसह दोन महिने काढून मग इथे पत्र्याची शेड टाकून बसलेला. त्याने गाडीखाली डोकं घालून पाहिलं आणि बंगाली रीतीने वहिनी म्हणून हाक मारत मला म्हणाला, "बौदी, चार दिवस गाडी ठेवून जा." मग लोखंडाचे किती आणि मजुरीचे किती ते वेगवेगळं सांगितलं.

घरी अंगणात परत आल्यावर हे म्हणाले, "लोखंडापेक्षा हातालाच जास्त. हात मलाही आहेत."

मी हो म्हटलं. पैशाचा प्रश्न होता, नाही असं नाही. पण मला दिसत होतं ते वेगळंच. वर्षभर ह्यांचं सगळं दुसऱ्यांनी केलं होतं. एक गोष्ट त्यांना स्वतः करायची होती. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

मग पुढचे सात महिने आमचे रविवार त्या गाडीखाली गेले.

हे काही यंत्रातले जाणकार नव्हते. लहानपणी कंदील, घड्याळं उघडून बसवायचा नाद होता, तेवढाच. पण चिकाटी विलक्षण. जुन्या लोखंडाच्या दुकानातून पट्ट्या आणल्या, करवतीने कापल्या, कानशीने घासल्या. माप दोराभर चुकलं तर सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून. पहिला दांडा वाकला. दुसरा सीटला घासायला लागला. तिसरा बरोबर झाला तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि अंगणात घोटाभर पाणी साचलेलं. त्या पाण्यात फळी टाकून हे त्यावर आडवे व्हायचे.

माझं काम पेडल दाबायचं. हे खाली, मी चालकाच्या जागेवर. "दाब." मी दाबायची. "सोड." मी सोडायची. "सावकाश सोड, सावकाश." जुन्या गाडीचा क्लच तो, दगडासारखा जड. दुपारपर्यंत माझी पोटरी भरून यायची. घरात आमटी चुलीवर असायची, धुणं भिजत पडलेलं असायचं. अंगणाच्या फाटकाशी शेजारच्या बायका उभ्या राहून विचारत, "आज तरी झालं का?" मी म्हणायची, "होत आलं." माझं ते एकच उत्तर सात महिने टिकलं.

एकदा मी म्हटलं, "रविवारी मला जरा पडायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

खालून आवाज आला, "पड ना. तुला कुणी अडवलंय? हे एवढं दाब आणि जा."

त्यांच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की ते काम एकटे करतायत. स्वतःची मेहनत ते फुकटची धरत होते, आणि माझी तर धरलीच नव्हती.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी सकाळी ते म्हणाले, "बस. फेरी मारून येऊ."

गल्लीत गाडी चालली. थोडी धक्के देत, पण चालली. दांडा ओढला, खिट्टी बसली, गिअर पडला, दांडा सुटला. मी त्यांच्याकडे पाहिलं. दीड वर्षात तो चेहरा मी पाहिला नव्हता. मोठ्या रस्त्याला लागलो, वळलो, आणि रेल्वे फाटकाशी आलो तर फाटक बंद. आमची गाडी सगळ्यांत पुढे उभी राहिली. गिअर पहिला पडलेला, दांडा खिट्टीत. सियालदहची लोकल येताना दिसत होती.

लोकल फाटकाशी आली आणि त्याच वेळी आमची खिट्टी सटकली. दांडा पुढे आपटला, आमची गाडी एकदम उसळली आणि फाटकाच्या दांडीवर जाऊन आदळली. दिवा फुटला, इंजिन बंद पडलं. माझं कपाळ समोरच्या काचेवर लागलं. लोकलचे डबे डोळ्यांसमोरून एकामागून एक जात राहिले. आमच्या आणि त्यांच्या मध्ये ती एक लाकडी दांडी होती, तडकलेली.

फाटकवाला ओरडत आला. लोक जमले. ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. मी त्यांना विचारलं, "लागलं का?" त्यांनी नाही अशी मान हलवली. मग मलाच विचारलं, "तुला?" कपाळाला टेंगूळ आलं होतं. मी म्हटलं, "काही नाही."

गाडी परत चालू होईना. लोकांनीच ढकलून बाजूला घेतली. सगळ्यांत जवळ होती ती मिस्त्रीची शेड.

मिस्त्री गाडीजवळ उकिडवा बसला. दांड्यावरून हात फिरवला, खालचा जोड पाहिला, खिट्टी काढून बोटांत धरून उजेडात फिरवली.

"हे कोणी केलं?"

"ह्यांनी," मी म्हटलं.

"दांडा चांगला आहे. माप बरोबर आहे. खिट्टी मऊ लोखंडाची, तिची धार झिजली. इथे पोलाद पाहिजे, तेही तापवून पाण्यात बुडवलेलं. घरच्या अंगणात नाही होत."

ह्यांना बंगाली धड येत नसे, म्हणून मी ते मराठीत सांगितलं. हे म्हणाले, "त्याला विचार, काही कमी करेल का. अर्ध्याहून जास्त काम झालेलंच आहे."

एरवी दोन्हीकडचं बोलणं मी त्याची धार बोथट करून पोचवत असे. त्या दिवशी तेवढी ताकद नव्हती. जसं होतं तसं सांगितलं.

मिस्त्रीने खिट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, "बौदी, तिकडे माझं घर मी स्वतः बांधलं होतं. होडी स्वतः केली. गोठा, विहिरीचा रहाट, सगळं. कुणाला मजुरी दिली नाही. ते सगळं तिकडेच राहिलं. येताना हे दोन हात तेवढे आणता आले. आता मी तेच विकतो. बाबूंना सांगा, लोखंडाच्या भावात घासाघीस करा. हातांच्या नको."

हे मी एकही शब्द न गाळता सांगितलं. ह्यांनी मिस्त्रीच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. त्यांच्या बोटांना सात महिन्यांचं काळं बसलं होतं.

"त्याला म्हणावं, मजुरी पूर्ण देईन," ते म्हणाले. "पण मी इथे बसून पाहीन."

मिस्त्री म्हणाला, "बसा की. फक्त हात लावायचा नाही."

घर दूर नव्हतं, पण ह्यांच्या चालीने पाऊण तास लागला. रिक्षा करू म्हटलं तर नको म्हणाले. वाटेत एका भिंतीशी ते थांबले.

मी म्हटलं, "मी दमले हो."

"माहीत आहे."

"नाही, तुम्हाला माहीत नाही. आज आपण मेलो असतो तर शेवटचे सात महिने मी पेडल दाबण्यात घालवले असते."

ते बराच वेळ काठीच्या टोकाने माती उकरत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, हे एक जमलं तर बाकीच्याचं काही वाटणार नाही. तुझ्याकडून बूट काढून घ्यायचं वगैरे."

मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही, एवढंच. घरी आल्यावर त्यांनी मोरीवर बसून कितीतरी वेळ हात घासले.

चार दिवस हे ऑफिसातून थेट शेडमध्ये जात. मिस्त्री काम करी, हे लाकडी खोक्यावर बसून पाहत. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा मिस्त्री दांड्याची लांबी खुणेने विचारत होता आणि हे बोटांनी दाखवत होते. ह्यांचा दांडा त्याने बदलला नाही. खिट्टी नवी केली, खालचा जोड वेल्डिंगने पक्का केला आणि खिट्टी आपोआप दाबून राहावी म्हणून तिला एक स्प्रिंग घातली, जी ह्यांनी कधी विचारातच घेतली नव्हती. मला वाटलं ह्यांना राग येईल. पण ते म्हणाले, "अगं, मला हे सात वर्षांत सुचलं नसतं." आणि त्यात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

मजुरी ह्यांनी स्वतः मिस्त्रीच्या हातात दिली. फाटकाच्या दांडीचा दंडही भरला. स्वतः करून काही वाचलं का, हे आम्ही दोघांनीही कधी काढून पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ह्यांनी गाडी पुसली आणि विचारलं, "येतेस?"

"मी झोपणार आहे," मी म्हटलं.

ते क्षणभर उभे राहिले. मग काठी मागच्या सीटवर टाकून एकटेच बसले. दांड्याचा आवाज आला, खिट्टीचा आला, गाडी गल्लीतून गेली. मला वाटलं होतं काळजीने डोळा लागणार नाही. पण मी पडले आणि दुपारी चार वाजता उठले. स्वयंपाक झाला नव्हता, धुणं तसंच होतं, आणि हेही आले नव्हते.

ते आले तेव्हा उन्हं उतरली होती. पँटच्या टोकांना गवताची कुसळं अडकली होती, म्हणजे शहरातल्या किल्ल्याजवळच्या मोठ्या मैदानापर्यंत जाऊन गवतात चालले असणार. आत येऊन खुर्चीत बसले, वाकले, आणि बुटाची नाडी सोडायला लागले. डाव्या पायाचा बूट निघायला वेळ लागला. मी दारात उभी होते, पुढे झाले नाही.

"कशी चालली?" मी विचारलं.

"चालली," ते म्हणाले. "घरात काही खायला आहे का?"

काहीच नव्हतं. मी मुरमुरे आणि कांदा घेऊन आले आणि आम्ही दोघांनी ते एका ताटलीतून खाल्ले.