सासूबाईंच्या नाकासाठी

सुहासिनी गद्रेने एस्सीला पहिल्यांदा पाहिलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून. १९७८ सालचा जुलै सरत आला होता आणि गद्रे मंडळी कॅनडात, टोरांटोजवळच्या रिचमंड हिलला नुकतीच राहायला आली होती. शेजारच्या परसदारी पायरीवर एक बाई बसली होती. अंगावर सुती साडी, डोळ्यांवर बर्फात स्की खेळताना लावतात तसला भलामोठा गॉगल, हातात किसणी. पांढरं, जाडजूड मूळ ती दातओठ खाऊन किसत होती. मधेच गॉगल वर करून तिने डोळे पुसले आणि ओरडली, "आई गं, मेले!"

सुहासिनी हातातला डाव तसाच घेऊन कुंपणाकडे धावली.

"अय्या, तुम्ही मराठी?"

"मग रडतेय कुठल्या भाषेत?" एस्सी म्हणाली.

एस्सी रोहेकर मूळची अलिबागकडची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू. टोरांटोच्या एका प्रयोगशाळेत ती झाडांच्या मुळांवर काम करायची. मुळांना कोरडं ठेवायचं, गारठवायचं आणि त्यांच्यातली एन्झाइमं, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातली विकरं, तेव्हा काय करतात ते तपासायचं. पायरीवरचा उद्योग मात्र घरचा होता. तिच्या सासूबाई बर्था. हिवाळ्यात त्यांना फ्लू झाला आणि चव, वास दोन्ही गेले. "भात काय नि माती काय," म्हणून त्या ताट सरकवायच्या. बांगड्या पार कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या. वजन आणखी उतरलं तर हॉस्पिटलात ठेवून नळीने भरवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोटात जळजळ, म्हणून मिरची बंद.

"पण झोंबण्याची वाट वेगळी," एस्सी म्हणाली. "वास कळला नाही तरी नाक झोंबतंच. डॉक्टर म्हणाले, चिमूटभर देऊन बघा."

ते मूळ हॉर्सरॅडिशचं, मुळा-मोहरीच्या नात्यातलं. ज्यूंच्या पेसाह सणाला ताटात कडू म्हणून ठेवतात. उरलेले तुकडे एस्सीने परसात पुरले होते आणि दोन वर्षांत त्यांची चांगली ओळ झाली होती.

"नुसतं कसलं देता? चटणी करू," सुहासिनी म्हणाली आणि तिने घरातून कढलं आणून वर चरचरीत फोडणी ओतली. फोडणी रोजचीच, त्यामुळे एस्सीलाही त्यात काही खटकलं नाही.

बर्थाबाईंनी चटणी जिभेवर घोळवली. "भोपळा का गं?"

एस्सीने कपाळावर हात मारला. "आपण त्याला ठार मारलं!"

"कुणाला?"

"एन्झाइमला! अहो, मुळाच्या आत दोन खोल्या आहेत असं समजा. एकीत माल, दुसरीत एन्झाइम. मूळ धड आहे तोवर त्यांची गाठ पडत नाही. किडीने चावा घेतला की भिंत फुटते, दोघं भेटतात आणि झणका उठतो. कीड पळते. किसणी म्हणजे मोठी कीडच. पण तापलेल्या तेलात एन्झाइम जगतं होय? आणि आधी उठलेला झणका वाफेबरोबर उडाला तो वेगळाच."

सुहासिनी ओशाळली. मोहरी फेसताना गरम पाणी घालायचं नाही, हे तिला आईने दहादा सांगितलं होतं. मोहरीतही हाच झणका, हे डोक्यातच आलं नाही.

आता एस्सीला अधिक जहाल मूळ हवं होतं. पाण्याचा थोडा ताण बसला की असली झाडं तो झोंबरा माल जास्त साठवतात, हा तिचा हिशोब. ऑगस्टभर ओळीला जगण्यापुरतंच पाणी, असा तिने हुकूम काढला. पाऊसही त्या महिन्यात बेताचाच होता.

हुकूम मोडला तो तिच्या नवऱ्याने. सकाळी पायजम्यात झारी घेऊन राल्फ ओळीच्या टोकाशी उभा सापडला.

"राल्फ! काय चाललंय?"

"अगं, बिचारी मान टाकून उभी आहेत."

"टाकू देत. त्यांना ताण हवाय."

"ताण मलाही आहे. माझी आई जेवत नाही."

एस्सीचा आवाज खाली आला. "आईंसाठीच तर चाललंय. तू टोमॅटोंना घाल ना पाणी."

सप्टेंबरात मुळं उपटली. राल्फने चोरून भिजवलेल्या टोकाची वेगळी, बाकीची वेगळी. दोन्ही किसून दोन बशा बर्थाबाईंसमोर आल्या. फोडणी नाही, फक्त मीठ. सुहासिनी दाराशी उभी.

पहिल्या, भिजवलेल्या मुळांच्या बशीला बर्थाबाई म्हणाल्या, "हं. नाकाजवळ काहीतरी फिरलं."

दुसऱ्या बशीतली चिमूट तोंडात गेली. क्षणभर काही नाही. मग डोळे विस्फारले, शिंक आली, नाकातून धार लागली. त्यांनी टेबलावर थाप मारली.

"मेल्यांनो, जीव घेता का माझा?"

बर्थाबाईंनी पदराने नाक पुसलं.

"भात कुठाय? आणि ते सुरमईचं कालवण आणा. नुसतं झोंबवून ठेवता होय!"

त्या दिवशी त्यांनी भात दोनदा मागून घेतला. चव काही परत आली नाही. पण रोज जेवणाआधी चिमूटभर कीस मागून घ्यायच्या आणि वर "आज जरा मवाळ आहे गं," अशी तक्रारही करायच्या. नाताळापर्यंत बांगड्या मनगटाकडे उतरल्या आणि नळीचा विषय डॉक्टरांनी सोडला.

बर्थाबाई आता मॉन्ट्रियलला मुलीकडे असतात. एस्सी अजून त्याच प्रयोगशाळेत आहे आणि दर बुधवारी संध्याकाळी गाडी चालवायला शिकते, म्हणजे मॉन्ट्रियलला मुळं स्वतःच पोचवता येतील.