करवंटीची राख तांबूस आली तेव्हा

वनमाला परब यांचं शिक्षण बारावीपर्यंत. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेची भट्टी मात्र गेली अकरा वर्षं त्यांच्या हुकमात आहे. शिक्षणाचा आणि हुकमाचा फारसा संबंध नसतो, हे तिथे येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरेटवाल्याला पहिल्या आठवड्यातच कळतं.

या भट्टीत नारळाच्या करवंट्यांपासून कठीण कार्बन बनतो. सोडियमची बॅटरी चार्ज होताना सोडियम त्याच्या फटींत शिरतो, वापरताना बाहेर येतो. पहिल्या खेपेला मात्र थोडा आतच अडकतो, कायमचा. शंभरातला किती परत आला, यावर कार्बनची लायकी ठरते. बाईंच्या कार्बनचा आकडा अठ्ठ्याहत्तर. एका बॅटरी कंपनीला दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी ऐंशीच्या वरचा नमुना हवा होता. नाही जमलं तर भट्टी बंद करून बाहेरून कार्बनची तयार पूड आणायची, असं मालक विद्याधर सरांनी शांतपणे सांगितलं होतं. ते शांतपणे बोलले की लोक घाबरतात.

दसरा झाला आणि आकडा एकोणसत्तरवर आला.

"ताई, भट्टीत हवा शिरतेय," तिथली शास्त्रज्ञ श्रुतिका म्हणाली.

"माझ्या भट्टीत? मुंगी शिरत नाही, मॅडम."

तरी बाईंनी चिमूटभर पूड उघड्यावर जाळली. एरवी पांढुरकी राख उरायची. आज तांबूस उरली. ती त्यांनी बोटांवर चोळून पाहिली. मग चहा तसाच टाकून श्रुतिकाच्या टेबलाशी आल्या.

"वाट मीच लावली. खंडेनवमीला यंत्रांची पूजा केली ना, तेव्हा करवंट्यांच्या पोत्याचीही केली. आत मूठभर कुंकू टाकलं. स्वस्तातलं. त्यात गेरू असतो, म्हणजे लोखंडच की. ते कार्बन बिघडवतं."

"मूठभर?"

"दोन मुठी. नमुना महत्त्वाचा होता ना."

श्रुतिका हसली नाही, हे तिच्या शिक्षणाचं श्रेय.

नव्या करवंट्या वाळायला पंधरवडा लागला असता. बाईंनी त्याच पोत्यातल्या करवंट्यांचा चुरा सौम्य आम्लात भिजवला आणि पाणी स्वच्छ येईस्तोवर तांदळासारखा धुतला. सात पाणी झाली. वाळवला, भट्टीत घातला.

गुरुवारी आकडा आला: शहाऐंशी.

कुंकवाबरोबर करवंटीचे मूळचे क्षारही धुऊन गेले होते. एरवीही फटी बिघडवत होते ते तेच, आणि इतकी वर्षं कुणाला धुवायचं सुचलं नव्हतं. विद्याधर सरांनी कागद दोनदा वाचला. "भट्टी चालू ठेवा," म्हणाले. त्यांच्या हिशेबी हा जल्लोष.

नमुन्यासोबतच्या टिपणात श्रुतिकाने लिहिलं, 'धुण्याची पद्धत : वनमाला परब.' बाईंनी ते वाचलं, पदर सारखा केला.

"वर कुंकवाचंही लिहा."

"ताई, कशाला?"

"नाहीतर विचारतील ना, हिला सुचलं कसं? आणि दोन मुठी लिहा हां, एक नको."