एक शिट्टी थांब, दोन शिट्ट्या चल

हळर्णहून साळच्या वाटेनं डिचोलीला जाणाऱ्या 'श्री भगवती' बसवर दोन माणसं होती. त्यांना एकमेकांशी गप्पा मारताना फारसं कुणी पाहिलं नव्हतं, आणि तरी त्यांचं बोलणं दिवसभर चालू असे. ड्रायव्हर भिकाजी पुढं आणि कंडक्टर गोकुळदास मागच्या दारात. गोकुळदास जीभ दुमडून दातांतून शिट्टी मारायचा. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन शिट्ट्या म्हणजे चल. एवढ्या भांडवलावर त्या दोघांनी आमचा अर्धा तालुका वर्षानुवर्षं इकडून तिकडे नेला आणि परत आणून सोडला.

गोवा घटक राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, मराठीचं काय यावर बसमध्ये कडाक्याची भांडणं झाली. मी डिचोलीला एका खाण कंपनीच्या हिशेब खात्यात काम करतो आणि आता निवृत्तीला आलो आहे, त्यामुळे ती सगळी भांडणं मी खिडकीशेजारी बसून ऐकली आहेत. गोकुळदासच्या शिट्टीला मात्र दोन्ही बाजूंची मान्यता होती. भांडण फार तापलं तर तो मधे उभा राहून कोरड्या आवाजात "तिकीट" म्हणायचा. लगेच सगळ्यांचे हात खिशाकडे जायचे आणि भाषेचा प्रश्न पुढच्या फेरीपर्यंत तहकूब व्हायचा.

मधे एकदा भिकाजीला कावीळ झाली आणि बदली ड्रायव्हर आला. तो बिचारा चांगला होता, पण शिट्टी ऐकायच्या आधीच गाडी सोडायचा. एकदा त्यानं गोकुळदासलाच स्टॉपवर सोडून बस नेली आणि गोकुळदास मागून स्कूटरवर बसून आला. त्या दिवसांत तो एवढा वाळला की कावीळ नक्की कुणाला झाली आहे, असं लोक विचारू लागले. भिकाजी परत आला त्या सकाळी शेवंती दोघांना म्हणाली, "तुमचां लगीन लागलेलां आसा, फकत अक्षता पडूंक नाय." शेवंती जत्रांत खाजं विकते. गूळ-आल्यात घोळवलेल्या त्या बेसनाच्या कांड्यांची टोपली घेऊन ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसते आणि तिथून जगावर लक्ष ठेवते.

तर एका वर्षी टीव्हीवर आशियाई देशांची फुटसाल स्पर्धा दाखवत होते. फुटसाल म्हणजे पाच-पाच जणांचा फुटबॉल. लहान आणि टणक जमिनीवर खेळायचा, बॉल जड, फारसा न उसळणारा. त्या स्पर्धेत भारत नव्हता. आमच्या गावच्या क्लबचा सेक्रेटरी साईश डिचोलीला कॉलेजात होता आणि याच बसनं जायचा. त्यानं ठरवलं की भारत नसला तर नसो, आपणच आशिया व्हायचं. गावात आठ वाडे, म्हणजे आठ देश. सोसायटीच्या गोदामापुढं भात वाळवायचं सिमेंटचं अंगण होतंच. रेफरी व्हायला सांगायला तो एका सकाळी बसमध्ये गोकुळदासकडे आला.

गोकुळदासनं 'फुटसाल' हा शब्द ऐकला आणि तो गंभीर झाला. "साळच्या फुटबॉलाक आमच्या गावात कित्याक जागा दिवची?" त्यानं विचारलं. "साळाक मैदान नाय?"

साईशनं खुलासा केला, की याचा साळ गावाशी काही संबंध नाही.

"साल म्हणजे घरातली साल रे," शेवंती पुढून म्हणाली. आमच्याकडे घराच्या बैठकीच्या खोलीला साल म्हणतात. "सालीत बॉल खेळल्यार देवांचे फोटो फुटतले. म्हणान फुट-साल."

गोकुळदासला साईश एवढंच म्हणाला, "मामा, सगळो गाव आयकता अशी एकच शिट्टी आसा." हे ऐकून गोकुळदास विरघळला. मला वेळ बघायला आणि फाउल मोजायला बसवलं, कारण कॉमर्सचा माणूस आकडे खात नाही असा गावात समज आहे.

देशांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिला तंटा उभा राहिला. सगळ्यांनाच कुवेत व्हायचं होतं. आमच्या गावात घरटी एक माणूस कुवेतला असतो. वरच्या वाड्यातले तर निम्मे तिथंच, पण त्यांच्या नशिबी जपान आलं. कुवेत मिळालं देऊळवाड्याला, जिथून आजवर म्हापशापलीकडे कुणी गेलं नव्हतं. वरच्या वाड्याचं म्हणणं असं की पासपोर्ट आमचे आणि देश त्यांचा, हा कुठला न्याय. शेवटी भिकाजीनं मिटवलं. तो मूळचा सावंतवाडीकडचा, पण वरच्या वाड्यात घर बांधून राहिलेला. "जपान तर जपान," तो म्हणाला. "थंयच्यो गाडयो बऱ्यो आसतत."

भिकाजी जपानचा गोलकीपर झाला. पोट सुटलेलं, केस पांढरे होऊ लागलेले, पण वाटेत कधी गुरं, कधी पोरं, कधी रेतीचे ट्रक आडवे येणार याची सवय झालेला माणूस. बॉल कुठून येतोय हे त्याला आधी कळायचं. इराण, थायलंड, लेबनॉन, कुणालाही त्यानं आत जाऊ दिलं नाही. गोकुळदासनं रेफरीच्या रुबाबासाठी साईशनं दिलेली प्लास्टिकची शिट्टी गळ्यात अडकवून सामने चोख चालवले. बाहेर गेलेला बॉल चार सेकंदांत आत घ्यायचा, असा नियम मी त्याला वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "चार? इतक्या वेळात मी अर्धो बाजार चढयतंय."

फायनलला जपान आणि कुवेत आले. म्हणजे वरचा वाडा आणि देऊळवाडा. म्हणजे भिकाजीचा वाडा आणि गोकुळदासचा स्वतःचा वाडा. कुवेतचा कॅप्टन साईश.

त्या रविवारी दुपारी शेवंतीनं रेफरीला खाजं दिलं. ते त्यानं शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वर शिट्टीही त्याच खिशात टाकली. उन्हानं गूळ पाझरला. कुवेतनं बॉल मधोमध ठेवला, गोकुळदासनं शिट्टी फुंकली, तर आतून आवाजाऐवजी आल्याचा वास आला. त्यानं ती झटकली, चोखून पाहिली, पुन्हा फुंकली. मग वैतागून जीभ दुमडली आणि आपली नेहमीची शिट्टी मारली. एक.

साईशनं बॉल टोचला, दुसऱ्यानं मारला. भिकाजी गोलात खांबासारखा उभा. डोळे समोर, उजवा पाय जमिनीत रुतवलेला. बॉल त्याच्या डाव्या पायाशेजारून सावकाश आत गेला.

थोड्या वेळानं कुवेतला फ्री किक मिळाली. एक शिट्टी, तोच पाय, तीच मूर्ती, दुसरा गोल.

"गे बाय," शेवंती मोठ्यानं म्हणाली, "तो ब्रेक मारता."

मग सगळं अंगण हसू लागलं. जपानचे लोकसुद्धा हसत होते. हसत नव्हते ते दोघंच.

मध्यंतरात भिकाजी माझ्या टेबलाशी आला. गोकुळदास तिथं पाणी पीत होता. भिकाजीनं त्याला विचारलं, की इतके सामने शिट्टी वाजली ती आज तुझ्या वाड्याच्या सामन्यालाच बरी बिघडली, आणि खाजं तुझ्या खिशात आपोआप चढलं काय. गोकुळदासनं देवीची शपथ घेतली. भिकाजीनं ती ऐकून घेतली आणि तो हळू आवाजात म्हणाला, "सगळ्या गावासमोर तूं माजी गाडी केलंस, गोकुळदासा. मी माणूस आसंय. सोमवारसून दुसरो डायवर बघ."

तो बदली ड्रायव्हर आता डिचोलीतच नोकरी शोधत होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या डावाला सुरुवात जपानची होती. गोकुळदासनं जीभ दुमडली आणि क्षणभर विचार करून दोन शिट्ट्या मारल्या.

भिकाजी निघाला. गोल सोडून, सरळ, हात छातीसमोर गोल धरून. फुटसालमध्ये गोलकीपरनं पुढं जाण्याला बंदी नाही. तो मधली रेघ ओलांडून गेला, तिथं कुणीतरी त्याला बॉल दिला, आणि कुवेतची पोरं, जन्मभर त्या बसला वाट देत आलेली, दोन्ही अंगांना बाजूला झाली. गोल झाल्यावरच तो भानावर आला. आता देऊळवाडा उसळला. दोन शिट्ट्या कुठल्या नियमात बसतात, असं ते मला विचारू लागले. मी नियमांचं पुस्तक उघडलं. किती शिट्ट्या हे त्यात लिहिलेलंच नव्हतं. पुढं जपाननं आणखी एक गोल साध्या मार्गानं केला आणि बरोबरी झाली.

आणि अगदी शेवटी जपानचा सहावा फाउल झाला. नियम असा की एका डावात पाच फाउल माफ, सहाव्याला समोरच्याला थेट किक. मधे कुणी उभं राहायचं नाही, आणि किक घेणाऱ्यानं बॉल गोलावरच मारायचा, आपल्या माणसाला पास द्यायचा नाही. किक घ्यायला साईश आला. रेफरीनं शिट्टी दिल्यावर मारायची.

पण किती शिट्ट्या? देऊळवाडा ओरडत होता, एक. वरचा वाडा ओरडत होता, दोन. एक मारली तर भिकाजी थिजणार आणि गोकुळदास त्याला कायमचा गमावणार. दोन मारल्या तर तो गोल सोडून धावत सुटणार, बॉल वाटेतच अडवणार, आणि गोकुळदासला स्वतःच्या वाड्यात पाणीही मिळणार नाही. गोकुळदासची जीभ दुमडलेलीच राहिली. भिकाजी गोलातून त्याच्याकडे बघत होता, बॉलकडे नव्हे. कालवा एवढा वाढला की गोकुळदास गोंधळला, आणि कालवा वाढल्यावर जे तो आयुष्यभर करत आला तेच त्यानं केलं. हात वर करून तो कोरड्या आवाजात म्हणाला, "तिकीट."

अंगण गप्प झालं. दोन-तीनशे हात खिशांकडे गेले. वर गेलेला हात हीच खूण समजून साईश तेवढ्यात धावत सुटला होता. विद्यार्थी सवलतीचा पास असल्यामुळे हा शब्द ऐकला की तो तीन वर्षं एकच उत्तर देत होता. त्याचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला, तोंडातून "पास" निघालं, आणि बाजूचा कुवेतवाला आपल्यालाच हाक आली असं समजून पुढं धावला. साईशचा पाय मधल्या मधे वळला. बॉल त्या पोराकडे गेला.

"पास दिलो," गोकुळदास म्हणाला. "फाउल."

माझ्या घड्याळात वेळ संपली. जादा वेळ खेळवायला उजेड नव्हता, म्हणून कप सहा महिने जपानात आणि सहा महिने कुवेतमध्ये ठेवायचं ठरलं. दोन्ही देशांनी रेफरीला एकाच आवाजात शिव्या दिल्या. आमच्या गावात याआधी असं एकमत मी पाहिलेलं नाही. भिकाजी तडक घरी गेला.

सोमवारी सकाळी मी स्टॉपवर गेलो तेव्हा बस उभी होती आणि भिकाजी ड्रायव्हरच्या दाराशी खाली उभा होता. मालकाला सांगून आलोय, असं तो शेवंतीला म्हणत होता. दुसरा माणूस येईपर्यंत गाडी हलणार नाही. ऊन वाढू लागलं तसा तो सीटवर जाऊन बसला, नुसता सावलीसाठी. आम्हीही चढून बसलो. गोकुळदास शेवटी चढला. मागच्या दारात उभा राहिला, पुढच्या आरशाकडे एकदा बघितलं आणि दोन शिट्ट्या मारल्या.

बस निघाली.

साळचा फाटा जवळ आला तेव्हा भिकाजीच्या लक्षात आलं की आपण रागावलेले आहोत. त्याची मान ताठ झाली, हे आम्ही मागून पाहिलं. पण उतरून जायचं तर बस थांबवायला हवी, आणि बस थांबवायची तर मागून एक शिट्टी यायला हवी. गोकुळदासनं ओठ घट्ट मिटले होते. फाटा गेला. साळचे लोक उठून उभे राहिले आणि ओरडायला तोंड उघडणार, तोच शेवंती म्हणाली, "गप रवा. आज साळ नाय." तिला स्वतःलाच तिथं उतरायचं होतं.

पुढच्या चढावर भिकाजीनं आरशात बघून म्हटलं, "गोकुळदासा, साळ मागे रवला."

"म्हायत आसा."

"मगे शिट्टी?"

"मारल्यार तूं उतरतलंस."

भिकाजीनं गिअर बदलून चढ संपवला. मग म्हणाला, "मार रे. बायेक जत्रेक जावचां आसा."

एक शिट्टी. बस थांबली. साळचे लोक कुरकुरत उतरले. शेवंती टोपली डोक्यावर घेऊन पुढून वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीशी आली आणि कागदात बांधलेलं थोडं खाजं आत सरकवलं. आम्ही सगळे ड्रायव्हरच्या दाराच्या कडीकडे बघत होतो. भिकाजीनं एक कांडी तोंडात टाकली, उरलेली पुडी डॅशबोर्डवर, उन्हापासून लांब ठेवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर घेतले.

दोन शिट्ट्या झाल्या. या वेळी पाय आपोआप गेला की त्यानं नेला, ते मला सांगता येणार नाही. विचारायला कुणी गेलंही नाही.