नोंद झाली, धन्यवाद

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी नांदेडला कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो आणि स्वतःला प्रोग्रामर म्हणवून घेत होतो. कुणाच्या तरी ओळखीने लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मला काम मिळालं. गावोगावचे ग्रामसेवक टँकरसाठी लेखी अर्ज आणून देत. ते अर्ज कॉम्प्युटरवर चढवायचे आणि कुठल्या गावाने टँकर मागितला याची यादी रोज सकाळी छापून साहेबांपुढे ठेवायची, एवढंच. तालुका लवकरच नव्या जिल्ह्यात जाणार अशी तेव्हा जोरात चर्चा होती, म्हणून जिल्ह्याचा रकाना रिकामा ठेवा असं साहेबांनी बजावलं होतं. तो अजून रिकामाच असावा.

प्रोग्राम मी चार दिवसांत लिहिला. अर्ज चढवायचं काम आवक-जावकच्या कारकुनांकडे आलं. निवृत्तीला आलेले गृहस्थ, टाइप करायचे एका बोटाने, पण कागदावर जे असेल ते जसंच्या तसं उतरवायचे. चाचणीच्या दिवशी त्यांच्या हातून काहीतरी चुकलं आणि पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. सरकारी मशीन आपण बिघडवलं अशी त्यांची समजूत झाली. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा पोटात दुखतंय असं सांगून ते घरी निघून गेले.

मग मी चूक दाखवणाऱ्या सगळ्या ओळी बंद करून टाकल्या. बटण दाबलं की आता पडद्यावर एकच वाक्य यायचं, 'नोंद झाली, धन्यवाद', आणि त्याचीच चिठ्ठी छापून निघायची. नोंद खरोखर झाली की नाही हे मशीन बघत नव्हतं, कारण मी त्याला बघायला सांगितलंच नव्हतं. कारकून खूश झाले, साहेब खूश झाले, आणि मी नांदेडला जाऊन मित्रांना चहा पाजला.

बहुतेक ग्रामसेवकांचा अर्ज एका ओळीचा असायचा. विहीर आटली, टँकर द्यावा. एक ग्रामसेविका मात्र वेगळ्या होत्या. त्या दोर घेऊन विहिरीवर जायच्या, स्वतः मोजायच्या आणि बांधकामावरचे मिस्त्री लिहितात तसं, आकड्याच्या खांद्यावर एक बारीक उभी खूण करून फूट लिहायच्या. विहीर ४५', पाणी २'. शाळा असती तर त्यांना पैकीच्या पैकी मिळाले असते.

इथे जरा धंद्यातलं सांगावं लागेल. प्रोग्राममध्ये मजकूर दोन खुणांच्या मधे ठेवतात. पहिली खूण आली की मजकूर सुरू, दुसरी आली की संपला. मी त्यासाठी वापरलेली खूण आणि बाईंची फुटाची खूण एकच होती. ती मजकुरातच आली की मशीनला वाटतं, मजकूर इथेच संपला. पुढचं त्याला कळत नाही आणि ते अख्खा अर्ज टाकून देतं. उपाय सोपा आहे. त्या खुणेच्या आधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची, म्हणजे पुढची खूण मजकुरातलीच आहे, थांबू नकोस, असं मशीनला कळतं. याला एस्केप करणं म्हणतात. क्लासमध्ये मी हे तिसऱ्या दिवशी शिकवायचो आणि विसरणाऱ्याला उभं करायचो. टँकरच्या अर्जात असल्या खुणा कोण कशाला करतंय, असं धरून मी स्वतः ते केलं नव्हतं.

बाईंकडे दोन गावं होती. एका गावाचा अर्ज सरपंचाने घाईघाईत एका ओळीत खरडून दिला होता. तिथे तिसऱ्या दिवशी टँकर गेला. दुसऱ्या गावाचा बाईंनी मोजूनमापून लिहिला होता. त्याची चिठ्ठी मिळाली, टँकर नाही. चौथ्या दिवशी त्यांनी आणखी सविस्तर अर्ज दिला, म्हणजे आणखी खुणा करून. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा धन्यवाद. सातव्या दिवशी साहेबांनी यादी तपासली तर गावाचं नावच नाही. त्यांनी मला नांदेडला फोन लावला. मी जेवत होतो. काही न बघता सांगितलं, साहेब, कॉम्प्युटर चुकत नसतो, माणूस चुकतो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडायचं.

त्या वाक्यावर, अर्ज नीट भरला नाही असा ठपका ठेवून, बाईंना कारणे दाखवा नोटीस निघाली. गावाने ग्रामपंचायतीला कुलूप घातलं. शेजारच्या गावाला टँकर आणि आपल्याला नाही, म्हणजे बाईने तिकडून काहीतरी घेतलंय, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

अकराव्या दिवशी प्रिंटर अडतोय म्हणून मला बोलावणं आलं. एसटीने अहमदपूरला उतरून पुढे गेलो. प्रिंटरमध्ये कागद तिरका गेला होता, बाकी काही नाही. परतीची गाडी दुपारी होती म्हणून बसल्या बसल्या बाईंचा अर्ज मागवून घेतला आणि स्वतः चढवून पाहिला. नोंद झाली, धन्यवाद. यादी उघडली. गाव नाही. कागदावरच्या त्या बारीक खुणा मला तेव्हा दिसल्या.

दुरुस्तीला पाच मिनिटंही लागली नाहीत. गाव यादीत आलं, साहेबांची सही झाली, टँकर उद्या सकाळी जाणार असं ठरलं. मी साहेबांना चूक माझी असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, आता पाणी सुटतंय ना, मग मिटलं. नोटिशीचं त्या बघतील. मला हे ऐकून बरं वाटलं, हे कबूल करतो. एसटी गाठायला मी बाहेर आलो तर बाई व्हरांड्यातल्या बाकावर नोटिशीचं उत्तर लिहीत बसल्या होत्या. दोन्ही चिठ्ठ्या टाचणीने जोडलेल्या. मी पुढे गेलो आणि परत आलो.

मी सांगितलं ते त्यांनी पेन हातात धरून ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. लिहून द्याल का, एवढंच विचारलं. मी लिहून दिलं, सही केली, तारीख टाकली. कागद दोनदा वाचून त्यांनी पिशवीत ठेवला.

"साहेबाचं काम झालं यानं," त्या म्हणाल्या. "पण गावात आठ दिवस झाले, मला कुणी पाणी विचारत नाही सर. दारात उभी राहिले तरी. उद्या तुम्ही गावात येऊन सांगा."

आमच्याकडे वैऱ्यालाही आधी पाणी विचारतात, मग भांडतात. मी रात्री तिथेच मुक्काम केला.

सकाळी त्यांच्या स्कूटीवर मागे बसून गेलो. टँकर विहिरीत पाणी सोडून नुकताच गेला होता आणि बायका शेंदत होत्या. बाई लिंबाखाली एका बाजूला उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. मी बोलायला लागलो. खुणा, मजकूर, उलटी रेघ, मशीनची समजूत, सगळं क्लासमधल्यासारखं सांगितलं. कुणाला काही कळत नव्हतं. ते मला सोयीचं वाटायला लागलं होतं, म्हणून मी आणखी सांगत राहिलो. शेवटी एका म्हातारीने हातातला दोर खाली ठेवला आणि मला थांबवलं.

"म्हंजी बाईनं अर्ज दिल्ता का?"

"दिला होता. दोनदा."

"आन् तुमीच हरवला?"

"हो. मीच."

मला इतकी लाज आजवर वाटलेली नाही. मग म्हातारी समोरच्या घरात गेली आणि भरलेला तांब्या घेऊन आली. पदराने तो पुसला आणि लिंबाखाली जाऊन बाईंच्या हातात दिला. बाईंनी घटाघटा अर्धा संपवला. मग मागे मी उभा आहे हे आठवून उरलेला तांब्या माझ्यापुढे केला. म्हातारीने मधेच त्यावर हात ठेवला.

"त्यांला ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी प्या."

बाई ते सगळं पाणी प्यायल्या.