झेरॉक्सवाल्या काकूंची कंपनी

कंपनी नोंदणी कार्यालयाच्या समोर, जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत काकूंचं झेरॉक्सचं दुकान होतं. एकोणीस वर्षं लोकांच्या कंपन्यांचे कागद त्यांच्या हाताखालून जात होते. वाचायची सवय मात्र नव्हती. कागद सरळ आलाय ना, कडेला काळी पट्टी नाही ना, एवढंच त्या बघायच्या.

वरच्या मजल्यावर एक सल्लागार बसायचा. बाहेरदेशच्या लोकांना इथे कंपनी काढून देणं हा त्याचा धंदा. एकदा तो एका परदेशी साहेबाला घेऊन खाली आला. साहेबाला इथे पाण्याच्या फिल्टरचा कारखाना टाकायचा होता. माणूस इतका उंच, की दुकानात वाकूनच उभा राहिला.

"काकू, एक काम होतं," सल्लागार म्हणाला. "परक्याच्या कंपनीत एक तरी संचालक इथला रहिवासी लागतो, कायदाच आहे. साहेबांचं इथे कोणी नाही. नाव तुमचं, बाकी सगळं आम्ही बघतो."

"अहो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायचंय काय त्यात? वर्षभरात साहेबांचा माणूस इथे येईल, मग तुमचं नाव काढून टाकू."

सल्लागार नऊ वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, नाही म्हणायला जीभ रेटेना. शिवाय, खोटं कशाला बोला, 'संचालक' म्हटल्यावर काकूंना आतून गुदगुल्याही झाल्या. काकूंनी सही करून दिली. फोनवर बहिणीला तेवढं सांगितलं. नवऱ्याला नाही.

चौदा महिन्यांनी नोटीस आली. कंपनीने वार्षिक विवरणपत्र भरलेलं नाही, दिलेल्या पत्त्यावर कंपनी सापडत नाही, पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर संचालकांवर खटला भरू. खाली काकूंचं नाव, आडनावासकट.

कठडा धरत काकू वर गेल्या. सल्लागाराच्या दाराला कुलूप, पाटी काढलेली, भिंतीत खिळ्यांची चार भोकं. फोन बंद. साहेबाचा नंबर त्यांच्याकडे कधी नव्हताच.

त्यानंतर बॅग घेतलेला कोणीही दुकानासमोर थांबला की त्या मशीनच्या मागे सरकायच्या. एका पोलिसाने ओळखपत्राच्या दोन प्रती मागितल्या, तर काकूंनी आठ काढल्या. घरी नवऱ्याचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं, त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? भाजी चिरता चिरता हात थांबायचा. तुरुंगात चष्मा घालू देतात का, असलं काहीतरी मनात यायचं.

तेराव्या दिवशी त्यांनी नोटिशीची प्रत काढली आणि गिऱ्हाइकं रोज करतात तीच चूक केली. मूळ कागद काचेवरच राहिला. नवरा डबा घेऊन आला होता. विजेच्या बिलाची प्रत काढायला त्याने झाकण उचललं.

तो वाचत होता आणि काकू त्याच्या छातीकडे बघत होत्या.

"किती दिवस झाले?"

"तेरा."

"आणि एकटीच कुढत बसलीस? वेडी की काय तू?" त्याने शटर खाली ओढलं. "चल."

"कुठे?"

"समोर."

एवढ्या वर्षांत काकू त्या इमारतीची पायरी चढल्या नव्हत्या.

आत एक अधिकारी बाई होत्या. "सही तुमची?"

"माझीच."

"कारखाना कुठे आहे?"

"माहीत नाही."

"संचालक आहात आणि माहीत नाही?"

काकूंना रडू फुटलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "जे घडलं ते जसंच्या तसं लिहून द्या, काही गाळू नका. पण खटला टळेलच, असं मी म्हणत नाही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सल्लागाराने अशा अकरा कंपन्या काढल्या होत्या. कुठे टॅक्सीवाला संचालक, कुठे दवाखान्यातली आया. साहेबालाही तो भरणा केल्याच्या खोट्या पावत्या पाठवत होता. साहेब धावत आला. दुकानात वाकून उभं राहत, इथल्या भाषेत पाठ करून आणलेली माफी त्याने मागितली. काकूंनी स्टूल पुढे केलं.

पाच वेळा जबाबाला जावं लागलं. संचालकपदाचा राजीनामाही काकूंनी तिथेच लिहून दिला. शेवटी एक पत्र आलं. पाकीट फोडायची काकूंची हिंमत होईना. नवऱ्याने फोडलं आणि मोठ्याने वाचलं: राजीनामा मंजूर, काकूंविरुद्ध कारवाई नाही.

"सुटलीस," तो म्हणाला.

"परत वाचा."

त्याने परत वाचलं. काकूंनी त्याच्या हातातून कागद घेतला, चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून, शब्दावर बोट ठेवत, स्वतः वाचायला लागल्या.