नेलिदा जहाजावर चढली

माझी बायको नेलिदा मूळची अर्जेंटिनाच्या उत्तरेतल्या सान्तियागो देल एस्तेरोची. तिकडे दुपारच्या उन्हात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. एकोणिसाव्या वर्षी टीव्हीच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून ती देशाच्या पार दक्षिण टोकाला, उशुआइयाला आली. वर्षभर राहीन आणि परत जाईन, असं तिनं तिच्या आईला सांगितलं होतं. बायका संडासात किती वेळ घालवतात ते कारखान्यातला मुकादम हातातल्या घड्याळावर बघायचा. एक दिवस नेलिदानं ते घड्याळच काढून घेतलं आणि म्हणाली, "आता तू जा. मी मोजते." बायका हसल्या, नोकरी गेली. मग ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिनं तिथे मुलांना जेवू घातलं आणि मुख्याध्यापकांना धारेवर धरलं.

मी टॅक्सी चालवतो. अंटार्क्टिकाच्या बर्फाकडे जाणारी जहाजं उन्हाळाभर आमच्या खिडकीसमोरून जातात, पण त्यात बसायचा विचार आमच्या घरात कुणी कधी केला नव्हता. आमची मुलगी यामिला त्यातल्या एका जहाजावर वाटाड्या म्हणून लागली तेव्हाही नाही. यंदा मार्चच्या अखेरच्या फेरीला काही केबिन रिकाम्या राहिल्या आणि कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना त्या देऊ केल्या.

बंदर आमच्या घराच्या उतारावरच आहे. पण प्रवाशांनी हॉटेलपासून बसनंच यायचं असा नियम. म्हणून आम्ही बॅगा ओढत हॉटेलपर्यंत चढ चढलो आणि बसनं परत खाली आलो.

"हे शहाणपण कुणाचं?" नेलिदानं विचारलं.

"गप बस," मी म्हणालो. "आज आपण पाहुणे आहोत."

"पाहुण्यांना घराला वळसा घालून आणतात होय?"

जहाजावर चढल्यावर पहिलं काम म्हणजे सफाई. बाहेरचं बी-बियाणं तिकडच्या जमिनीवर जाऊ नये म्हणून प्रत्येकाचे बूट, खिसे, पिशव्या झाडून घेतात. बुटांच्या खोलीत यामिला हातात व्हॅक्यूम घेऊन उभी होती. नेलिदाच्या कोटाच्या खिशातून माते नावाच्या आमच्या चहाच्या पानांचा चुरा निघाला, आणि निघतच राहिला.

"आई, अख्खा डबा ओतलायस का गं?"

"तुझे बाबा पीत बसतात आणि डबा माझ्या खिशात ठेवतात."

आम्ही तिघंही हसलो. तोपर्यंत दिवस चांगला होता.

आमच्या मागे एक उंच, पांढऱ्या केसांचा परदेशी गृहस्थ होता. कंपनी सगळ्यांना लाल जॅकेट देते, तसं त्यालाही दिलं होतं. ते त्याला घट्ट झालं. त्यानं यामिलाकडे बघून दोनदा चुटकी वाजवली. ती दुसऱ्या बाईचे बूट धुवत होती. "एक मिनिट हं, सर," ती म्हणाली. तो काहीतरी ओरडला आणि त्यानं ते जॅकेट तिच्या अंगावर फेकलं. चेनचं टोक तिच्या गालाला लागलं. यामिला हसली, "सॉरी सर" म्हणाली आणि जॅकेट उचलायला वाकली.

"हात लावू नकोस त्याला!" नेलिदा गरजली.

ती त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या छातीपर्यंत येत होतं. "उचल," तिनं जमिनीकडे बोट दाखवलं. त्याला आमची भाषा येत नव्हती, पण बोट कळत होतं. "माझ्या मुलीच्या तोंडावर फेकतोस? उचल म्हणते ना!"

रांग थांबली. एस्पेन नावाचा नॉर्वेचा माणूस, यामिलाचा साहेब, धावत आला. त्यानं त्या गृहस्थाची माफी मागितली आणि त्याला मोठ्या मापाचं जॅकेट दिलं. मग यामिलाला मागायला लावली. तिनं मागितली. शेवटी तो स्पॅनिशमध्ये नेलिदाला म्हणाला, "बाई, कृपया केबिनमध्ये जा. पुन्हा असं झालं तर तिकडे पोहोचल्यावर तुम्हाला किनाऱ्यावर उतरू देता येणार नाही."

"म्हणजे शिक्षा मला आणि नवं जॅकेट त्याला?"

एस्पेननं केबिनच्या जिन्याकडे हात दाखवला. मलाही तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, खोटं कशाला सांगू?

केबिनमध्ये येताच नेलिदानं उघडलेली बॅग पुन्हा बंद केली. "चल म्हाताऱ्या. शिडी अजून काढलेली नाही. जिथे माझ्या पोरीला माफी मागायला लावतात तिथलं जेवण माझ्या घशाखाली उतरणार नाही."

तेवढ्यात यामिला आली. प्रवाशांच्या केबिनमध्ये शिरायची तिला परवानगी नाही, म्हणून दारातच उभी राहिली. गालावर लाल रेघ होती.

"तू काय केलंस ते कळतंय का तुला?" ती म्हणाली.

"मी? त्यानं तुझ्या तोंडावर—"

"माझ्या तोंडावर, आई. तुझ्या नाही. दोन दिवसांनी लाटांमध्ये त्याला छोट्या बोटीत बसवायचंय मला. त्यानं माझं ऐकलं पाहिजे. आणि आता सगळं जहाज म्हणतंय, हिची आई हिच्यासाठी भांडते."

"मग तू का नाही भांडलीस?"

"भांडणार होते. माझ्या पद्धतीनं, एस्पेनशी, दार लावून. तू मला वेळच दिला नाहीस." ती जायला वळली. "उतरायचं तर उतर. पण माझं नाव पुढे करून उतरू नकोस."

ती गेली. नेलिदा बॅगेवर बसून राहिली.

मग भोंगा वाजला. लाईफ जॅकेट घालून सगळ्यांनी वर जमायचं होतं, त्यातून कुणाचीच सुटका नाही. आमच्या गटाला नावं घेऊन हजेरी घेणारी यामिलाच होती. "सेन्योरा नेलिदा," तिनं परक्यासारखं पुकारलं, "पट्टा आवळा." नेलिदानं मुकाट्यानं आवळला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तो गृहस्थही आमच्याच गटात होता. त्याला बक्कल लावता येईना, हात थरथरत होते. यामिलानं गुडघ्यावर बसून ते लावून दिलं.

"बघ, आजारी दिसतोय बिचारा," मी कुजबुजलो.

"बक्कल लावताना थरथरतात," नेलिदा म्हणाली. "फेकताना नेम बरोबर लागला होता."

जहाज सुटलं. आम्ही उतरलो नाही. जेवताना त्या माणसानं लांबून मान हलवली, तेव्हा नेलिदानं खुर्ची फिरवून घेतली. नंतर डेकवर यामिला पाच मिनिटांसाठी आमच्याकडे आली. एस्पेनशी बोलून आली होती. गिऱ्हाईकानं अंगावर वस्तू फेकली तर माफी आम्ही मागायची नाही, असं तिनं त्याला सुनावलं होतं. तो म्हणाला, कॅप्टनशी बोलतो.

"बोलतो म्हणजे काय?" नेलिदा उसळली. "कधी बोलणार?"

"आई."

"बरं." तिनं यामिलाची हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला. यामिलानं वळवू दिला. "पुढच्या वेळी आधी तुला विचारीन."

"आणि मी नको म्हणाले तर?"

नेलिदानं तिची कॉलर सारखी केली. "तर पुन्हा विचारीन," ती म्हणाली.

त्या माणसानं शेवटपर्यंत माफी मागितली नाही. आजही कुणी आम्हाला बर्फ कसा होता असं विचारलं, की नेलिदा आधी जॅकेटची गोष्ट सांगते, आणि बर्फापर्यंत पोहोचेतो चहा गार होतो.